विश्लेषण : तांब्याच्या नळीत लोहचुंबक रेंगाळतो का? यवतमाळच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये बनवता येईल असे भौतिकशास्त्राचे खेळणे

तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग तांब्याच्या उभ्या नळीत वरून सोडलेला चुंबक धपकन खाली का पडत नाही? अर्ध्या मीटरचे अंतर, जे एखादा खडा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार करतो, त्यासाठी हा चुंबक पाच-दहा सेकंद घेतो. नळीत डोकावून पाहिले तर तो कुठेही न टेकता, संथ लयीत खाली येताना दिसतो. दोरी नाही, बॅटरी नाही, तेलपाणी नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतचुंबकीय प्रवर्तन या नावाने असलेला धडा या एका नळीत डोळ्यांसमोर घडतो. हे खेळणे बनवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डवरे, वखर, ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे वर्कशॉप त्यासाठी पुरेसे आहे आणि अशी वर्कशॉप यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत आहेत.

खेळणे नेमके काय आहे?

तांब्याची सुमारे अर्धा मीटर लांबीची सरळ नळी आणि तिच्यात सैलसर जाईल असा निओडिमियमचा दंडगोल चुंबक, एवढेच हे खेळणे. त्याच मापाची एक प्लॅस्टिकची नळी शेजारी ठेवली की मजा दुप्पट होते. दोन्ही नळ्यांत एकाच वेळी सारखे चुंबक सोडायचे. प्लॅस्टिकच्या नळीतला चुंबक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात बाहेर पडतो. तांब्याच्या नळीतल्याची वाट पाहावी लागते. पहिल्यांदा पाहणारा हमखास समजतो की चुंबक आत अडकला आहे, आणि नळी हलवायला हात पुढे करतो. तेवढ्यात चुंबक खालून अलगद बाहेर येतो.

या खेळण्यात लपवाछपवी काही नसल्यामुळे ते जादूच्या प्रयोगापेक्षा वेगळे ठरते. नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते. प्रयोग शंभर वेळा केला तरी शंभर वेळा तसाच घडतो आणि प्रत्येक वेळी लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजता येतो.

चुंबक रेंगाळतो कशामुळे?

चुंबकाभोवती चुंबकीय क्षेत्र असते. चुंबक खाली सरकतो तसे नळीच्या भिंतीतून जाणारे हे क्षेत्र सतत बदलते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहक धातू असला की त्यात वीजप्रवाह निर्माण होतो. नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या तांब्याच्या असंख्य बांगड्या आहेत अशी कल्पना केली, तर चुंबक ज्या बांगडीजवळ असेल तिच्यात गोल फिरणारा प्रवाह सुरू होतो. पाण्यातल्या भोवऱ्यासारखा फिरतो म्हणून त्याला भोवरा प्रवाह म्हणतात; इंग्रजीतले नाव एडी करंट.

प्रवाह वाहू लागला की त्या बांगडीचाही तात्पुरता चुंबक होतो. या चुंबकाची दिशा कोणती, हा खरा प्रश्न. ती नेहमी अशी असते की ज्या बदलामुळे प्रवाह निर्माण झाला त्याच बदलाला विरोध व्हावा. खाली येणाऱ्या चुंबकाच्या पुढची बांगडी त्याला वर ढकलते आणि मागे पडलेली बांगडी त्याला वर ओढते. दोन्हीकडून एकच परिणाम होतो : ब्रेक लागतो.

मग चुंबक मध्येच थांबत का नाही? कारण तो थांबला तर क्षेत्र बदलणे थांबेल, प्रवाह बंद होईल आणि ब्रेकही सुटेल. वेग वाढला की ब्रेक वाढतो, वेग कमी झाला की ब्रेक कमी होतो. चुंबकाचे वजन आणि ब्रेकचे बळ जिथे सारखे होते, त्या वेगावर चुंबक स्थिरावतो आणि शेवटपर्यंत जवळपास त्याच वेगाने खाली येतो. तांब्याच्या नळीत हा तोल चुंबक सोडल्यावर लगेचच साधला जातो, म्हणून वेग वाढताना डोळ्यांना दिसतच नाही.

उंचावरून खाली येताना चुंबकाने गमावलेली ऊर्जा कुठे गेली, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ती नळीत उष्णता होऊन गेली. दहा ग्रॅमचा चुंबक अर्धा मीटर खाली आला तर ती ऊर्जा सुमारे ०.०५ ज्यूल भरते. एवढ्याने नळीचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही, त्यामुळे हाताला काही जाणवत नाही.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले?

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, हे डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. उलट बाजूने, म्हणजे चुंबकापासून वीज मिळवण्याचा मार्ग इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी यशस्वी केलेल्या प्रयोगातून उघडला. फॅरडे लोहाराचे पुत्र. औपचारिक शिक्षण जुजबी झालेले. उमेदवारी केली ती पुस्तक बांधणाऱ्याकडे. बांधणीसाठी आलेली विज्ञानाची पुस्तके वाचता वाचता ते प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले. गणितापेक्षा हाताने केलेल्या प्रयोगांवर त्यांचा भर होता आणि आजची प्रत्येक वीजनिर्मिती केंद्रातली जनित्रे त्यांच्या त्या शोधावर चालतात.

निर्माण झालेला प्रवाह मूळ बदलाला विरोध करतो, हा नियम १८३४ मध्ये हाइनरिख लेन्झ यांनी मांडला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी तांब्याची चकती ब्रेक लागल्यासारखी जड होते आणि तापते, हे फ्रान्सच्या लिऑं फुको यांनी १८५५ मध्ये दाखवले. म्हणजे नियम जुने आहेत. त्या काळी नव्हते ते आजचे चुंबक. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्यापासून बनणारे ताकदवान चुंबक १९८० च्या दशकात आले आणि हा प्रयोग घरी करण्याइतका सोपा झाला.

साहित्य कुठे मिळेल?

तांब्याची नळी एसी आणि फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडे असते. पाच सूत, म्हणजे ५/८ इंच बाहेरील व्यासाची नळी घेतली तर आतला व्यास साधारण १४ मिलिमीटर येतो. तिच्यात १२ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा चुंबक सैल जातो. त्याचे वजन सुमारे १० ग्रॅम असते. चुंबक आणि भिंत यांच्यातली फट जितकी कमी आणि भिंत जितकी जाड, तितका चुंबक अधिक रेंगाळतो. म्हणून एकाच मापाच्या दोन नळ्यांत निवड करायची असेल तर जाड भिंतीची घ्यावी.

अॅल्युमिनियमची नळी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांच्या तुकड्यांत सापडते. प्लॅस्टिकची नळी इलेक्ट्रिक फिटिंगच्या दुकानात मिळते. निओडिमियम चुंबक विकत घ्यावा लागतो. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्येही ताकदवान चुंबक असतात, पण त्यांचा आकार वाकडा असल्याने ते नळीसाठी चालत नाहीत. तिरप्या पत्र्यावरच्या प्रयोगासाठी मात्र चालतात. भंगारातल्या स्पीकरचा काळा गोल चुंबक फेराइटचा असतो. तो निओडिमियमच्या तुलनेत बराच कमजोर असतो, त्यामुळे ब्रेक फारसा जाणवत नाही.

वर्कशॉपमध्ये कसे बनवावे?

पहिली पायरी नळी सरळ करण्याची. एसीची मऊ नळी वेटोळ्यात येते. ती दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून लाटण्यासारखी पुढे-मागे फिरवली की सरळ होते. हातोडीने ठोकू नये; एक पोचा पडला तरी चुंबक तिथे अडतो आणि प्रयोग फसतो.

दुसरी पायरी कापण्याची. नळी व्हाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे लावावेत, नाहीतर जबड्यात ती चेपते. बारीक दातांच्या हॅकसॉने ५० सेंटिमीटरचे दोन तुकडे करावेत. नळी कापायचे चाकाचे कटर असेल तर काप सरळ येतो, पण कडा आत वळते. दोन्ही प्रकारांत आतली कडा गोल कानशीने साफ करावी. बोट फिरवून कुठेही खरबरीत लागत नाही ना, ते पाहावे. शेवटी काठीला कापड गुंडाळून नळी आतून पुसावी.

तिसरी पायरी स्टँडची. इथे लोखंडकाम करणाऱ्याची सवय आड येते. एमएस अँगलचा स्टँड वेल्डिंग करून पाच मिनिटांत होतो, पण लोखंड नळीला लागून असेल तर चुंबक त्या बाजूला ओढला जातो, भिंतीला घासतो आणि मिळणारे आकडे चुकतात. म्हणून स्टँड लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमच्या अँगलचा करावा. नळीच्या खाली कापसाची जाड गादी ठेवावी. तांब्यातून येणारा चुंबक अलगद पडतो, पण प्लॅस्टिकच्या नळीतून वेगाने आलेला चुंबक फरशीवर आपटला तर त्याचे तुकडे होतात. हे चुंबक दिसायला लोखंडासारखे असले तरी काचेसारखे ठिसूळ असतात.

या कामात वेल्डिंग कुठेही लागत नाही. उलट चुंबक वेल्डिंगपासून लांबच ठेवावा. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की आपली ताकद कायमची गमावू लागतो. वर्कशॉपच्या बाकावर पडलेला लोखंडी कीसही त्याला क्षणात चिकटतो आणि सहजासहजी निघत नाही. चुंबकाला आधीच पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले की प्लॅस्टिक काढताच सगळा कीस गळून पडतो.

वेगवेगळ्या धातूंत काय फरक पडतो?

खेळण्याचा प्रयोग होतो तो इथे. एकाच मापाच्या वेगवेगळ्या नळ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत तोच चुंबक सोडावा. विजेला वाट देण्यात तांब्याला १०० गुण दिले तर शुद्ध अॅल्युमिनियमला सुमारे ६०, नेहमीच्या पितळेला २५ ते ३० आणि स्टेनलेस स्टीलला अवघे दोन-तीन गुण मिळतात. चुंबकाला लागणारा वेळही याच क्रमाने घटतो. तांब्यात सर्वात जास्त, अॅल्युमिनियममध्ये त्याहून कमी, पितळेत आणखी कमी.

स्टेनलेस स्टीलची नळी अनेकांना चकवते. ते पोलादच असल्याने चुंबक चिकटेल असे वाटते. पण रेलिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच नळ्यांना चुंबक चिकटत नाही. सांध्याजवळ थोडीफार ओढ जाणवली तर तेवढीच. आणि वीजवहन कमी असल्याने ब्रेकही लागत नाही. चुंबक जवळपास प्लॅस्टिकमधून पडावा तसा पडतो. साध्या लोखंडी नळीत तो सरळ भिंतीला चिकटून बसतो. म्हणजे एकाच बाकावर तीन वेगळी उत्तरे मिळतात : चिकटणारा धातू, न चिकटता अडवणारा धातू आणि न चिकटणारा, न अडवणारा धातू. भंगाराच्या ढिगातून तांबे, पितळ, अॅल्युमिनियम नजरेने वेगळे करणाऱ्या कारागिराला हा फरक आधीच अर्धा माहीत असतो. उरलेला अर्धा हा प्रयोग सांगतो.

नळी उभी चिरली तर?

पन्नास सेंटिमीटरचा दुसरा तुकडा इथे कामी येतो. हॅकसॉचे पाते फ्रेममध्ये आडवे वळवून लावावे आणि नळी वरपासून खालपर्यंत एका रेषेत चिरावी. कडा पुन्हा कानशीने साफ कराव्यात. आता बांगडी पूर्ण राहिलेली नाही. गोल फिरणाऱ्या प्रवाहाची वाट तुटलेली आहे.

चुंबक आता कडकडीत वेगाने पडेल असा अंदाज बहुतेक जण करतात. तो चुकतो. चुंबक आधीपेक्षा लवकर येतो, पण प्लॅस्टिकच्या नळीइतका लवकर नाही. कारण प्रवाह चिरेपर्यंत जाऊन मागे वळतो आणि नळीच्या भिंतीतच लांबट वळसे घेतो. भोवरे लहान झाले, संपले नाहीत.

शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या पंपात हीच युक्ती वापरलेली असते. जळालेली मोटर रिवाइंडिंगला आली की आतला गाभा दिसतो. तो अखंड लोखंडाचा नसतो. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकांपासून वेगळ्या राखलेल्या पत्र्यांची ती चळत असते. रिवाइंडिंगवाले तिला स्टॅम्पिंग म्हणतात. गाभा अखंड असता तर त्यात मोठे भोवरा प्रवाह वाहिले असते आणि वीज पाणी उपसण्याऐवजी लोखंड तापवण्यात गेली असती. पत्रा पातळ केला की भोवऱ्याला जागा उरत नाही. पत्र्याची जाडी निम्मी केली तर या कारणाने वाया जाणारी ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. रोहित्राचा गाभाही याच कारणाने पत्र्यांचा असतो.

याच चुंबकाने दिवा पेटतो का?

पेटतो, क्षणभर. त्यासाठी छताचा पंखा भरायला वापरतात ती ३६ गेजची तांब्याची तार रिवाइंडिंगच्या दुकानातून घ्यावी. जाड मार्करची रिकामी नळी किंवा चुंबक सैल जाईल अशी प्लॅस्टिकची नळी घेऊन तिच्यावर दोन सेंटिमीटर रुंदीत सुमारे एक हजार वेढे द्यावेत. लेथवर किंवा हाताच्या ड्रिलवर अगदी कमी वेगाने नळी फिरवली तर हे काम लवकर होते. तार ताणली की तुटते, एवढे सांभाळावे. तारेवर इनॅमलचा थर असतो. दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून तांबे उघडे करावे लागते. प्रयोग फसण्याचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे हे घासणे राहून जाणे.

या टोकांना एक लाल आणि एक पिवळा एलईडी उलट-सुलट दिशेने जोडावा. नळीत चुंबक टाकून जोरात हलवला की अंधारात दोन्ही दिवे आळीपाळीने चमकतात. चुंबक वेढ्यात शिरताना प्रवाह एका दिशेने वाहतो, बाहेर पडताना उलट्या दिशेने. तांब्याच्या नळीत जो प्रवाह दिसत नव्हता, तो इथे दिव्याच्या रूपात दिसतो. घरात येणारी वीज दिशा बदलत येते म्हणजे काय, तेही यातून समजते.

चुंबकाचे वजन कोण पेलते?

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर आणखी एक गोष्ट तपासता येते. काट्यावर दहा-बारा सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर तांब्याची नळी उभी करावी आणि काटा शून्यावर आणावा. मग वरून चुंबक सोडावा. चुंबक नळीच्या वरच्या अर्ध्या भागात असतानाच काट्यावर सुमारे १० ग्रॅम दिसतात. चुंबक अजून कुठेही टेकलेला नाही, तरी त्याचे वजन काट्याला कळले. नळी चुंबकाला जेवढ्या बळाने वर ढकलते, तेवढ्याच बळाने चुंबक नळीला खाली ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम एवढ्या स्वस्तात क्वचितच दिसतो. चुंबक खूप खाली आला की काट्यातल्या लोखंडी भागांमुळे आकडा बिघडू शकतो, म्हणून वाचन वरच्या भागातच घ्यावे.

हे तत्त्व कुठे वापरतात?

घराबाहेर लागणाऱ्या जुन्या वीज मीटरमध्ये अॅल्युमिनियमची चकती फिरताना दिसायची. तिच्या कडेला एक कायमचा चुंबक असायचा. त्याच्या ब्रेकमुळे चकतीचा वेग वापरलेल्या विजेच्या प्रमाणात राहायचा. तो चुंबक नसता तर चकती भरधाव सुटली असती. तारेवर चालणाऱ्या जुन्या मोटरसायकलच्या स्पीडोमीटरमध्येही फिरणारा चुंबक आणि त्याला न लागता बसवलेली अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटी ओढली जाते आणि काटा सरकतो. गॅरेजच्या भंगारात असा स्पीडोमीटर मिळाला तर तो उघडून पाहण्यासारखा आहे.

इंडक्शन शेगडीत भोवरा प्रवाह मुद्दाम निर्माण करून त्याच्या उष्णतेवर स्वयंपाक केला जातो. जर्मनीच्या आयसीई-३ या वेगवान रेल्वेगाड्यांत रुळाला न टेकणारा असा ब्रेक बसवलेला आहे. न घासणारा ब्रेक झिजत नाही, हा त्याचा मोठा फायदा. कचऱ्यातून अॅल्युमिनियमचे डबे वेगळे काढणारी यंत्रेही भोवरा प्रवाहाच्या धक्क्याने ते बाजूला उडवतात.

जिनिंगमध्ये कापसातून आलेले लोखंडाचे तुकडे पकडण्यासाठी आणि कोळशाच्या पट्ट्यावरचे लोखंड उचलण्यासाठी लावलेले चुंबक मात्र वेगळ्या तत्त्वावर चालतात. ते साध्या आकर्षणाचे काम आहे. कापसाच्या आणि वणीच्या कोळशाच्या जिल्ह्यात हा फरक विद्यार्थ्याला शेजारच्या उदाहरणांवरून सांगता येतो.

धोका काय?

हे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून ते एकमेकांना चिकटतात, मधला भाग चिमटला जातो आणि आतड्याला छिद्र पडू शकते. असे झाल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे चुंबक छातीजवळ आणू नयेत. दोन चुंबक एकमेकांवर झेपावताना बोटाची कातडी सापडते किंवा चुंबक फुटून कपची उडते, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवा. चुंबकाला ड्रिल मारू नये आणि ग्राइंडर लावू नये. त्याची भुकटी पेट घेते.

वर्कशॉपमधल्या जिद्दीची किंमत या जिल्ह्याने पाहिली आहे. महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुण कारागिराचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीदरम्यान तुटलेल्या पात्याचा मार लागून मृत्यू झाला. त्याच्या हातातले कसब देशभर पोहोचलेल्या चित्रफितींत दिसले. अशा हातांची वानवा जिल्ह्यात नाही. लहान, न जीवघेण्या प्रयोगांपासून सुरुवात करण्याची, मोजून पाहण्याची आणि चुकले तर कोणाला विचारायचे हे माहीत असण्याची सोय मात्र वर्कशॉपपर्यंत क्वचित पोहोचते. तांब्याची नळी ही अशी सुरुवात होऊ शकते. ती फसली तर नुकसान फार तर एका फुटलेल्या चुंबकाचे.

शाळेला याचा उपयोग काय?

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अशी शेकडो खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली. गोल चुंबकांवर तरंगणारी पेन्सिल हे त्यांपैकीच एक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचा भर घरातल्या वस्तूंवर आहे. धातूची नळी कापायची, घासायची, चिरायची म्हटली की शाळेला गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याची किंवा आयटीआयच्या फिटर, टर्नरची मदत घ्यावी लागते. त्यातून दोघांचाही फायदा होतो. शिक्षकाला नियम माहीत असतो, कारागिराला धातू माहीत असतो.

विज्ञान प्रदर्शनात हे खेळणे नुसते मांडून ठेवले तर ते लोक दोन मिनिटे पाहतील आणि पुढे जातील. त्यासोबत आकड्यांची वही ठेवली तर तो प्रकल्प होतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला नमुना बनवण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. तिथे आधीच सर्वांना माहीत असलेला प्रयोग पुरत नाही, स्वतःची कल्पना लागते. ती अशा वहीतूनच सुचते.

वहीत काय लिहायचे, हेही सोपे आहे. नळीचा धातू, लांबी, आतला व्यास, भिंतीची जाडी, चुंबकाचे वजन आणि लागलेला वेळ. प्रत्येक नळीत चुंबक निदान पाच वेळा सोडावा आणि वेळांची सरासरी काढावी. प्लॅस्टिकच्या नळीतला वेळ स्टॉपवॉचने पकडता येत नाही. तिथे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून मोजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. धातू बदलला तर माप तेच ठेवावे, माप बदलले तर धातू तोच. एकावर एक दोन चुंबक ठेवून सोडले तर वेळ वाढेल की कमी होईल? नळी बर्फात थंड करून घेतली तर? तांबे थंड झाले की त्यातून वीज अधिक सहज वाहते, हे ठाऊक असेल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी कागदावर लिहून ठेवता येते. मग नळी पुसून कोरडी करायची, चुंबक सोडायचा आणि आपला अंदाज खरा ठरला का ते पाहायचे.